फाटलेलं नाव

इंदोऱ्याच्या बिडीखोलीत,
तेंदूपत्त्याच्या ओल्या वासात,
भिंतीवर भाताच्या खळीनं चिकटवलेला एक फोटो होता.
शेंगदाण्याच्या पुडीतून निघालेला,
कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं अर्धं पान, मीठ लागलेलं.
एक काळी बाई, केसांचा मोठा गोल,
हातात पळी,
समोर पोरांची रांग, ताटल्या पुढे केलेल्या.
खाली नाव असणार.
ते फाटून शेंगदाण्यांसोबत
दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलं.

त्याखाली बसून माझी आई रोज हजार बिड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपाला टेकून मी.

नाइट कॉलेजच्या यशोधन खोब्रागडेनं
मजकूर वाचला, उरला होता तेवढा.
ही अमेरिकेतली. तिकडच्या पँथरमधली.
शाळेआधी पोरांना जेवू घालतात ह्या,
सभा घेतात, तुरुंगात जातात.
आंजनाबाई धागा दातानं तोडत म्हणाली,
"अन् हे तुरुंगात गेल्यावर
हिचं लेकरू कोन सांभायते?"
यशोधननं पान उलटून पाहिलं.
मागे फ्रीजची जाहिरात होती.

"तिकडंबी पाण्याले हात लावू देत नसन?"
"नव्हते देत. वेगळा नळ. वर पाटी लावलेली."
आई हसली. फरम्यावरची कात्री थांबली.
"पाटी?
आपल्या इकडं तर पाटीबी लावा नाई लागली."

हाक मारायला नाव पाहिजे होतं.
सुगंधा रामटेके त्याच महिन्यात
खोकून खोकून गेली होती.
तिचं नाव रिकामं होतं.
तेच दिलं.
मग रोज, सुगंधे, पाह्य वो, आज पुन्हा दोनशे छाट काढले.
सुगंधे, तुहा ठेकेदार कसा होता?

छाटाच्या बिड्या ठेकेदार फेकत नसे, विकत असे.
सगळ्यांना माहीत होतं.
एका मंगळवारी बाया उठल्या,
कामठी रोडनं निघाल्या,
बर्डीच्या पुलापाशी अडवल्या गेल्या.
सभेत माइक पुरुषांकडे होता,
लाठी मात्र दोघांनाही सारखी मिळाली.
आंजनाबाईच्या ओच्यात तो फोटो होता.
घडी पडली ती तेव्हाची,
बरोबर पळीवरून गेलेली.

दोन रात्री आई सेंट्रल जेलात.
मी सात वर्षांची.
फुटक्या कपाचा चहा आठवतो, कुणाची तरी गोधडी,
गोधडीला रॉकेलचा वास.
कोण होती ती?
आईला विचारलं नाही,
आणि आता विचारायला आई नाही.

परवा स्मरणिका हातात आली. जाड कागद, रंगीत कव्हर.
अकरा पुरुषांची नावं, वडिलांच्या नावासकट,
आणि शेवटी एक वाक्य:
महिलांनीही मोठ्या संख्येने सहभाग घेतला.
त्या 'ही'मध्ये माझी आई आहे.
आंजनाबाई आहे, डोक्याला तीन टाके.
गोधडीवाली त्या 'ही'मध्येसुद्धा नाही.
ती मोर्चाला गेलीच नव्हती.
ती मला सांभाळत होती.

भाची म्हणते, आत्या, मोबाइलवर शोधूया,
हा फोटो टाकला की बाईचं नाव निघेल.
मी लगेच हो म्हणत नाही.
पन्नास वर्षं आम्ही तिला
आमच्या मेलेल्या बाईचं नाव घातलं.
तिला चाललं असतं का, कोण जाणे.
तिचं ती घेऊन आली होती ना जगात.
शोध, म्हणते मी. सापडलं तर पेन्सिलीनं लिहू,
सुगंधाच्या शेजारी.
सुगंधाचं खोडायचं नाही.
आणि खाली थोडी जागा सोड.

भाची पान हलकेच उलटते.
"हे काय गं मागे?"
फ्रीज.
दार उघडं, काठोकाठ भरलेला,
आणि आख्ख्या चित्रात
एकही हात नाही.